कुरकुरीचा खोका

मैत्रिणीकडे इंग्लंडला राहायला गेले होते तेव्हाची गोष्ट. तिचे थोरले दीर मोठं घर विकून लहान घरात चालले होते. माळा रिकामा करताना निघालेला एक खोका त्यांनी "फेकवत नाही आणि ठेववत नाही" म्हणत हिच्याकडे आणून टाकला. बाहेर पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. मी खोका उघडला.

आत 'डॉक्टर हू' या मालिकेच्या चाहत्यांच्या एका छोट्या मंडळाची वार्तापत्रं होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहाएक वर्षांची, सगळी सायक्लोस्टाईल केलेली. कोपऱ्यात एकच पिन, आणि तिचा गंज पानापानांतून खाली झिरपलेला. ज्याच्या टाइपरायटरवर हे निघालं त्याचं 'ओ' अक्षर स्टेन्सिल आरपार कापत असावं, कारण प्रत्येक 'ओ'च्या पोटात शाई भरून त्याचा काळा ठिपका झाला होता. इंग्रजीत 'ओ' किती वेळा येतो हे मला त्या दिवशी कळलं.

मालिका ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर ती सुरू झाली. निळ्या रंगाच्या पोलिस-खोक्यातून काळात आणि अवकाशात भटकणारा एक परग्रहवासी, त्याचं नाव डॉक्टर. पहिल्या नटाची तब्येत साथ देईना, तेव्हा १९६६मध्ये निर्मात्यांनी अफलातून युक्ती काढली. हा प्राणी मरायला टेकला की नवं शरीर, नवा चेहरा घेऊन उठतो! त्यामुळे नट बदलत राहिले आणि मालिका चालत राहिली, १९८९पर्यंत, आणि मधल्या खंडानंतर २००५पासून पुन्हा. माझ्या मते मात्र या युक्तीनं मालिकेइतकंच दीर्घायुष्य कुरकुरीला दिलं. दर काही वर्षांनी नवा डॉक्टर, म्हणजे दर काही वर्षांनी "आधीचाच बरा होता" म्हणायची सोय.

वार्तापत्राची पहिली पानं मी भराभर उलटली. कोणता नट कोणत्या नाटकात, पुढचा हंगाम कधी, मेळाव्याची तारीख. मग कौतुकाची पत्रं. ती वाचवत नाहीत. 'अप्रतिम', 'केवळ अप्रतिम', 'फारच सुंदर'. नाव झाकलं तर कुणाचंही पत्र कुणाच्याही नावावर खपेल. खरी मजा शेवटच्या दोन पानांत, 'सभासदांचे विचार' अशा गोंडस मथळ्याखाली. दुसऱ्या अंकापासून मी वार्तापत्र मागूनच वाचायला लागले.

तिथं एक सभासद लिहितो, मागच्या भागात राक्षस जिना चढताना त्याच्या पोशाखाची पाठीवरची चेन दिसली. दुसरा म्हणतो की डॉक्टर ज्या ग्रहावर उतरतो त्या प्रत्येक ग्रहावर खडीची खाणच कशी असते? (प्रश्न रास्त आहे. चित्रीकरण खरोखरच खाणींत व्हायचं.) तिसऱ्याला चार वर्षांपूर्वीच्या एका संवादात आणि परवाच्या संवादात डॉक्टरच्या वयाचा मेळ लागत नाही, आणि त्यानं वजाबाकी करून दाखवलीय. कौतुक करणाऱ्याला सगळं मिळून आवडलेलं असतं, त्यामुळे त्याच्याजवळ सांगायला फारसं काही नसतं. कुरकुर करणाऱ्यानं चेन बघितलेली असते.

मालिकेवरच्या तक्रारी तरी बऱ्या म्हणाव्यात अशा मंडळावरच्या होत्या. अंक उशिरा आला. अंक आला पण पान सात कोरं. वर्गणी का वाढवली. मेळावे नेहमी लंडनलाच का, आम्ही उत्तरेकडचे काय चाहते नाही? माझं पत्र छापलं पण मधला परिच्छेद गाळला, आणि नेमका तोच महत्त्वाचा होता. एका सभासदाच्या बिल्ल्याची मागची पिन तुटली. त्यानं लिहिलं. पुढच्या अंकात संपादकांनी उत्तर दिलं की तुटका बिल्ला पाठवा, बदलून देऊ. त्याच्या पुढच्या अंकात तो कळवतो की बिल्ला पाठवला तर मेळाव्याला काय लावून जाऊ? हे प्रकरण चार अंक चाललं. शेवट काय झाला ते कळत नाही, कारण पाचवा अंक खोक्यात नव्हता. खरं सांगते, त्या रात्री मला त्या बिल्ल्याची काळजी वाटत राहिली.

आणखी एक तक्रार लक्षात राहिली ती तिच्या तावातावामुळे. सभासदाचं नाव छापलेलं नाही. त्याच्याकडे अंक आला तो 'तिकीट कमी' असा शिक्का घेऊन, आणि दारात पोस्टमनला दंडासकट पैसे मोजावे लागले. मंडळाचा हा गलथान कारभार किती दिवस सहन करायचा, असा त्याचा सवाल. खाली संपादकांचं एका ओळीचं उत्तर: 'पाकीट आपणच पाठवता.'

हे सगळे भांडत होते ते आठवणीच्या भरवशावर, हे मला जरा उशिरा उमगलं. घरात व्हिडिओ नव्हता. एक भाग एकदाच दिसायचा, पुन्हा दाखवला तर नशीब. त्यात चित्रफिती महाग म्हणून बीबीसीनं जुन्या फिती पुसून त्यांवर दुसरं काही भरलं. साठच्या दशकातले शंभराच्या आसपास भाग असे गेले ते गेलेच. त्यामुळे 'सुवर्णकाळ' सिद्धही करता यायचा नाही आणि खोडताही यायचा नाही. बारा वर्षांच्या मुलाला बहिणीच्या आडून जेवढं दिसलं तेवढं प्रमाण. ऐंशीच्या दशकात मालिकेचा निर्माता असलेला जॉन नेथन-टर्नर या जुन्याचे गोडवे ऐकून इतका कावला होता, की 'स्मरणशक्ती फसवते' हे त्याचं ठरलेलं उत्तर होऊन बसलं. चाहत्यांचा त्या वाक्यावर अजून राग आहे.

आणि तो पूर्ण चुकलाही नव्हता. १९६७ची 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही चार भागांची कथा अशीच हरवलेली होती, आणि हरवलेली होती तोवर तिच्या थोरवीबद्दल दुमत नव्हतं. मग तिच्या फिती हाँगकाँगला सापडल्या, १९९२मध्ये व्हिडिओ कॅसेट आली, आणि लोकांनी आदरानं मांडी ठोकून बघितलं तर एका दणकट माणसाला उचलून फेकतात त्या प्रसंगात त्याला टांगणाऱ्या तारा स्वच्छ दिसतात. कथा चांगलीच आहे, मी पाहिली. पण सापडण्याआधी ती जास्त चांगली असणार.

उलटंही झालंय. १९७६मध्येच स्थापन झालेल्या मोठ्या चाहता-संघाच्या तेव्हाच्या अध्यक्षानं त्याच वर्षीच्या 'द डेडली असॅसिन' या कथेवर लेखच लिहिला, की या मालिकेतली जादू गेली कुठे? आज चाहते ज्या कथांना उत्तम म्हणतात त्यांत ही हटकून असते. कुरकुरीचं भाकीत चुकलं. पण त्या लेखाची आठवण अजून निघते, आणि त्याच साली 'अप्रतिम' म्हणणाऱ्या एकाचीही निघत नाही.

एक गोष्ट मात्र या किरकिऱ्या मंडळींची मान्य करायला हवी. पुसल्या गेलेल्या भागांची चित्रं गेली, पण आवाज एकूण एक भागाचा शिल्लक आहे, आणि तो बीबीसीनं नव्हे, घरी बसलेल्या चाहत्यांनी राखला. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, मायक्रोफोन कर्ण्याजवळ धरायचा आणि पंचवीस मिनिटं घरातल्या कुणीही खोकायचं नाही. आईला कपबशी ठेवतानासुद्धा दटावणारी ही पोरं. पुढं मोठी झाल्यावर यांनी पान सात कोरं सोडणाऱ्याला सोडलं असतं तरच नवल.

दोन पोरांची कथा तर मंडळाच्या वार्तापत्रात शोभावी अशी आहे. १९७४मध्ये पंधरा वर्षांच्या एका स्कॉटिश मुलाचं 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकात पत्र छापून आलं, मालिकेवर काढलेल्या विशेषांकाचं तोंड भरून कौतुक करणारं. त्याचं नाव पीटर कपाल्डी. २०१३मध्ये तो स्वतः डॉक्टर झाला. दुसरा मुलगा १९८६चा, वय सोळा. त्या वर्षीचा हंगाम संपल्यावर बीबीसीच्याच एका चर्चेच्या कार्यक्रमात तो चाहत्यांच्या बाजूनं बसला आणि समोरच्या लेखकांना तोंडावर सांगू लागला की लेखन ठोकळेबाज होतं. हा क्रिस चिबनॉल. २०१८ला त्याचा पहिला हंगाम आला तो मालिकेचा मुख्य लेखक म्हणून. म्हणजे कौतुक करणाऱ्याला कोट मिळाला आणि कुरकुर करणाऱ्याला लेखणी. चिबनॉलचे हंगाम आल्यावर चाहत्यांनी काय केलं असेल ते सांगायला नकोच. लेखन कसं आहे हे त्यालाही ऐकावं लागलं, आणि या वेळी बोलणारा एकटा सोळा वर्षांचा मुलगा नव्हता.

खोक्याच्या तळाशी पाकिटं होती. तेव्हाची पद्धत अशी की सभासदानं आपलाच पत्ता घातलेली, तिकिटं लावलेली पाकिटं आगाऊ पाठवून ठेवायची आणि मंडळानं त्यांत अंक घालून पोस्टात टाकायचा. त्यामुळे प्रत्येक पाकिटावर दिरांचंच अक्षर. मी ती तारखेनं लावत गेले. सुरुवातीला अक्षरं पट्टी ठेवून काढल्यासारखी, पिन कोड दोनदा गिरवलेला. मग मध्येच एक वर्ष हिरव्या शाईचं, सही करायला शिकल्यासारखं झोकदार. मग घाईचं, उजवीकडे कललेलं. मैत्रीण म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, हा मुलगा दर महिन्याला स्वतःलाच पत्रं लिहितो."

हिरव्या शाईतल्या एका पाकिटावर 'तिकीट कमी' असा शिक्का होता.

रविवारी दीर चहाला आले तेव्हा मी ते पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, गलथान कारभारवाले ते तुम्हीच का? त्यांनी चष्मा लावला, शिक्का वाचला, मागची बाजूही बघितली.

"दर वाढले होते," ते म्हणाले. "वाढणार हे त्यांनी आधीच्या अंकात छापायला नको होतं का?"