कोव्ह: स्पेलिंगवर जाऊ नका आणि अर्ध्या दिवसात उरकू नका

कोव्ह हे आयर्लंडमधलं, कॉर्क शहराजवळचं बंदराचं गाव. आधी नावाचं सांगते, कारण आमचा पहिला पचका तिथेच झाला. सी ओ बी एच असं स्पेलिंग बघून मी कॉर्कच्या केंट स्टेशनवर तिकीट खिडकीवरच्या माणसाला ऐटीत "टू टिकेट्स टू कोभ" म्हटलं, तो दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसून म्हणाला, "कोव्ह". आयरिशमध्ये बी-एच म्हणजे व. गंमत अशी की हा मुळात आयरिश शब्दच नाही, इंग्रजीतला कोव्ह म्हणजे छोटी खाडी, तोच आयरिश स्पेलिंगचे कपडे घालून बसलाय. मधली सत्तर वर्षं गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं, १८४९ ला व्हिक्टोरिया राणी इथे उतरली म्हणून, आणि १९२० च्या सुमारास, स्वातंत्र्याच्या धामधुमीत, लोकांनी ते काढून टाकलं. जुन्या टायटॅनिकच्या गोष्टींत क्वीन्सटाउन वाचलं असेल तर ते हेच.

दुसरा पचका गाडीत. माझी भाची कॉर्कला नोकरीला आहे, तिने बजावून सांगितलं होतं, "मावशी, कोव्हची गाडी आणि मिडलटनची गाडी ग्लाउनथॉनपर्यंत एकाच रुळावरून जातात, बोर्ड बघून चढ." आम्ही अर्थातच बोर्ड न बघता जी समोर उभी होती तीत चढलो. ग्लाउनथॉनच्या अलीकडे घोषणेत मिडलटन ऐकू आलं म्हणून उडी मारून उतरलो आणि पुढच्या गाडीची वाट बघत खाडीकडे तोंड करून बसून राहिलो. मिडलटनला जेमसन व्हिस्कीची डिस्टिलरी आहे, त्यामुळे आमच्या ह्यांना ही चूक वाटतच नव्हती, तो भाग वेगळा. योग्य गाडीत बसलात तर कॉर्क ते कोव्ह साधारण २५ मिनिटं. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पाणी येतं, कारण कोव्ह हे ग्रेट आयलंड नावाच्या बेटावर आहे आणि रेल्वे पुलांवरून बेटं पार करत जाते. मधे फोटा स्टेशन लागतं, तिथे मोठं प्राणिसंग्रहालय आहे, मुलं बरोबर असतील तर एक दिवस तिकडे जाणार हे धरूनच चाला. फोटा आणि कोव्ह एका दिवसात करायला जाऊ नका, मुलंही रडतील आणि तुम्हीही.

बहुतेक लोक (आपले टूरवालेही) कोव्हला अर्धा दिवस देतात. येतात, टायटॅनिकचं म्युझियम बघतात, रंगीत घरांसमोर फोटो काढतात, गेले. आमचाही तोच बेत होता पण भाचीने हट्टाने शनिवारची रात्र तिथे बुक केली आणि ते फार बरं झालं. शनिवारी एक भलंमोठं क्रूझ जहाज लागलेलं होतं, स्टेशनला अगदी चिकटून धक्का आहे, गाडीतून उतरलं की समोर दहा-बारा मजली पांढरी भिंत. सगळं गाव त्या जहाजाच्या लोकांनी भरलेलं, कॉफीला रांग, टॉयलेटला रांग. संध्याकाळी जहाज भोंगा वाजवून गेलं आणि अर्ध्या तासात गाव एकदम मोकळं. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे खरं कोव्ह आम्ही संध्याकाळी सात ते दहा बघितलं. जहाजं कुठल्या दिवशी येणार ते वेळापत्रक बंदराच्या साइटवर असतं, तारीख ठरवण्याआधी ते बघाच.

टायटॅनिकबद्दल. इथे ते जहाज धक्क्याला लागलंच नव्हतं, एवढं मोठं होतं की बंदराच्या तोंडाशी रोशेस पॉइंटजवळ नांगर टाकून उभं राहिलं. ११ एप्रिल १९१२, गुरुवार. इथून १२३ माणसं चढली, त्यातली ११३ थर्ड क्लासची. त्यांना न्यायला दोन छोट्या बोटी होत्या, एकीचं नाव ‘आयर्लंड’ आणि दुसरीचं ‘अमेरिका’. व्हाइट स्टार लाइनचं जुनं तिकीट ऑफिस केसमेंट स्क्वेअरमध्ये आहे, तिथेच आता ‘टायटॅनिक एक्स्पीरियन्स’ आहे. आत जाताना त्या १२३ पैकी एकाच्या नावाचं बोर्डिंग कार्ड हातात देतात आणि ती व्यक्ती वाचली की नाही हे शेवटच्या खोलीत कळतं. मला वाटलं होतं हे जरा बालिश असणार. पण कार्ड हातात असताना माणूस नकळत त्या नावाची बाजू घ्यायला लागतो. माझ्या कार्डावरची बाई वाचली, ह्यांच्या कार्डावरचा माणूस गेला. ह्यांनी ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि विसरले, ठाण्याला आल्यावर मशीनमधून लगदा निघाला.

म्युझियमपेक्षा मला जास्त आवडलं ते मागच्या बाजूला पाण्यात उभे असलेले लाकडी खांब. हाच तो धक्का जिथून ते लोक छोट्या बोटींत बसले. आता त्याच्यावर चालता येत नाही, फळ्या गेल्यात, नुसते काळे कुजके खुंट उरलेत, भरतीच्या रेषेपर्यंत हिरवं शेवाळ आणि त्याच्या वर पांढरं, पक्ष्यांनी केलेलं. एका खुंटावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला, पंधरा मिनिटं हलला नाही. सगळी पुण्याई ओहोटीला आहे, पाणी उतरलं की खांब खालपर्यंत दिसतात, म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघून जा.

अजून एक भारी गोष्ट. जहाजाचा एक कोळसेवाला, जॉन कॉफी, इथलाच होता. तो टपालाच्या पोत्यांमध्ये लपून परत किनाऱ्याला आला आणि पळाला. का पळाला यावर सगळे तावातावाने बोलतात, कुणी म्हणतं त्याला काहीतरी जाणवलं होतं, मला वाटतं फुकटात घरी यायचं होतं बिचाऱ्याला.

पण कोव्ह म्हणजे टायटॅनिक नव्हे, हे मी दहा वेळा सांगेन. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंडमधून साठ लाखांवर माणसं देश सोडून गेली असं सांगतात, त्यातली पंचवीस लाखांच्या आसपास एकट्या या गावातून. बटाट्याचा दुष्काळ, भूक, भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढलेली कुटुंबं, सगळी इथे येऊन जहाजाची वाट बघत थांबायची. जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीतच हेरिटेज सेंटर आहे, त्यात हे सगळं मांडलंय (चालू आहे ना ते आधी बघून जा). जाणाऱ्याच्या घरी आदल्या रात्री ‘अमेरिकन वेक’ असायचं, म्हणजे मयताला जशी रात्र जागवतात तशीच, कारण गेलेला परत दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. भाची हे वाचत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. २०१९ ला तिला सोडायला आम्ही नऊ जण मुंबई एअरपोर्टवर गेलो होतो, ताईने डब्यात पुरणपोळ्या दिल्या होत्या, रडारड झाली, आणि तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ती पोळ्यांना बुरशी आली म्हणून कुरकुरत होती. व्हिडिओ कॉल नाही अशी कल्पना करून बघा.

सेंटरच्या बाहेर ॲनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड उघडलं, तिथून आत गेलेली पहिली माणूस ही कॉर्कची पोरगी. पुतळ्यात ती मागे वळून आयर्लंडकडे बघतेय आणि भाऊ पुढे हात दाखवतोय. लोक खांद्यावर हात टाकून सेल्फी काढतात, आम्हीपण काढला, काय करणार.

कॅथेड्रल गावाच्या डोक्यावर आहे, चढ भयंकर. गुडघे दुखत असतील तर सरळ टॅक्सी करा, यात लाज वाटायचं कारण नाही. सेंट कोलमन्स, बांधायला १८६८ ला घेतलं आणि पूर्ण व्हायला पन्नासेक वर्षं लागली, परदेशी गेलेल्यांनी पाठवलेले पैसेही त्यात आहेत. वर ४९ घंटांचं कॅरिलॉन आहे, म्हणजे एक माणूस खाली बसून मुठींनी दांडे ठोकत सगळ्या घंटा वाजवतो, पेटीसारखा. उन्हाळ्यात रविवारी दुपारी वादन असतं. आत बसून ऐकू नका, खाली पाण्याजवळच्या बागेत बसा, आवाज छपरांवरून घरंगळत येतो.

‘डेक ऑफ कार्ड्स’ म्हणजे वेस्ट व्ह्यू गल्लीतली उतारावरची २३ रंगीत घरं. खालचं पडलं तर पत्त्यांसारखी सगळी पडतील म्हणून ते नाव. फोटो छान येतो, मागे कॅथेड्रल येतं. फक्त लोकांच्या पायऱ्यांवर बसू नका हो, माणसं राहतात तिथे, एक आजी दार उघडून वैतागून बघत होत्या आणि त्यांचं बरोबरच होतं.

रविवारी सकाळी स्पाइक आयलंड. केनेडी पिअरवरून बोट, पंधराएक मिनिटं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जायची सवय असलेल्यांना ही बोट म्हणजे लाड वाटतील. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, आमच्या समोर चार जणांना परत पाठवलं. हिवाळ्यात बोटी फार कमी असतात. पूर्ण फेरी साडेतीन तास धरा आणि खाण्याचं काहीतरी बरोबर ठेवा. बेटावर मधोमध ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आहे, बोटीतून नुसती हिरवी टेकडी दिसते, आत गेल्यावर कळतं केवढा आहे. १८४७ ला, दुष्काळातच, इथे तुरुंग केला. भाकरी चोरली, मेंढी चोरली असे गुन्हेगार, त्यातले कित्येक पुढे बोटीने ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर. १८५० च्या दशकात इथे तेवीसशेच्या वर कैदी होते. १८८३ ला तो बंद झाला, पण नंतर परत तुरुंग झाला तो थेट २००४ पर्यंत. १९८५ ला कैद्यांनी दंगा करून एक इमारत जाळली, ती तशीच काळी उभी आहे. गाइड फार छान होता, पण बोलण्याचा वेग आणि कॉर्कचं हेल काढणं, मला निम्मं कळलं, भाचीने उरलेलं मराठीत सांगितलं.

तिथल्या तटावरून शेजारचं हॉलबोलीन बेट दिसतं, आयरिश नौदलाचा तळ. तिथलंच ‘एल ई ॲशलिंग’ हे जहाज जून १९८५ मध्ये कनिष्क विमानाच्या शोधाला गेलं होतं. एअर इंडियाचं ते विमान याच किनाऱ्यापुढे समुद्रात पडलं, ३२९ माणसं. त्याबद्दल खाली परत सांगते.

संध्याकाळी ओल्ड चर्च सिमेटरीला गेलो. गावाबाहेर आहे, चालत अर्धा-पाऊण तास आणि फूटपाथ सगळीकडे नाही, टॅक्सी बरी. ७ मे १९१५ ला लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडालं, जर्मन पाणबुडीचा एक टॉर्पेडो आणि १८ मिनिटांत खेळ खलास, सुमारे १२०० माणसं गेली. वाचलेले आणि मेलेले, बहुतेकांना कोव्हलाच आणलं. तीन सामूहिक थडगी आहेत, वर नुसतं कापलेलं गवत आणि कोपऱ्यांना दगड. आम्ही गेलो तेव्हा आम्ही तिघं आणि एक गवत कापणारा माणूस, बस्स. त्याने मशीन बंद केलं, आम्ही निघेपर्यंत बंद ठेवलं. चौकातलं लुसिटानियाचं स्मारक सगळे बघतात, देवदूत आणि खाली दोन मच्छीमार, पण इथे कुणी येत नाही.

आता फुटकळ. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. ब्रिटन पण करणार असाल तर ब्रिटिश-आयरिश स्कीमबद्दल अर्ज करतानाच विचारा, व्हिसावर बी आय व्ही एस असेल तर एकाच व्हिसावर दोन्ही होतं, पण ज्याचा व्हिसा त्या देशात आधी उतरायचं. प्लग ब्रिटनसारखे चौकोनी तीन पिनांचे. छत्री नेऊ नका, पाऊस भुरभुर असतो पण वाऱ्याने आडवा येतो, माझी छत्री पहिल्याच दिवशी उलटी झाली, टोपीवालं जॅकेट हवं. शाकाहारींनी भाजीचं सूप आणि ब्राउन ब्रेड मागायचं, बटर इतकं चांगलं असतं की पोट त्यावरच भरतं. पण सूप कशात शिजवलंय ते विचारा, ह्यांनी आनंदाने ओरपलेलं चिकनच्या पाण्यातलं निघालं. चहा बॅरीज, कॉर्कचाच, कडक, आपल्याला चालतो.

आणि कनिष्कचं स्मारक. ते कोव्हला नाही, अहाकिस्टा नावाच्या खेड्यात समुद्राकाठी आहे, कॉर्कहून गाडीने दोनेक तास. एक सूर्यघड्याळ आहे आणि सगळ्यांची नावं कोरलेली भिंत. दर वर्षी २३ जूनला तिथे गावकरी आणि नातेवाईक जमतात. आमचं या वेळी राहून गेलं, सोमवारी भाचीला ऑफिस होतं आणि तिकडे बस जवळपास नाहीच. जाणार असाल तर गाडी भाड्याने घ्या, गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालवतात, रस्ते मात्र अरुंद आहेत, निघताना पेट्रोल भरून घ्या.