'वीकेंड' विषय आणि डिडचा घोळ

आजच्या इंग्रजी संभाषणाच्या तासाला विषय होता 'वीकेंडला काय केलंत?'. विषय साधा, पण साधा भूतकाळ यात आपोआप येतो, वेगळा शिकवावा लागत नाही.

हमखास ऐकू येणारी चूक म्हणजे 'डिड यू वेन्ट?'. मराठीत 'तू गेलास का?' म्हणताना 'का' फक्त प्रश्न करतो, काळ 'गेलास'मध्येच राहतो. इंग्रजीत डिड आला की काळ त्याच्या अंगावर जातो आणि क्रियापद मूळ रूपात परततं: 'डिड यू गो?'. हे एकदा फळ्यावर दोन वाक्यं शेजारी लिहून दाखवलं की कळतं. तोंडात बसायला मात्र वेळ लागतो.

त्यासाठी चार-तीन-दोन पद्धत चांगली. तीच गोष्ट एका जोडीदाराला ४ मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. बोलताना मध्ये टोकायचं नाही. चुका टिपून ठेवायच्या आणि पहिल्या फेरीनंतर चार-पाचच फळ्यावर, नावं न घेता. वीस चुका लिहिल्या तर लोक बोलणंच बंद करतात.

वाक्प्रचारांत खरा सापळा ओळखीच्या शब्दांचा. 'पुलिंग माय लेग' ऐकून आपल्याला पाय ओढणं, म्हणजे दुसऱ्याला पुढे जाऊ न देणं आठवतं. इंग्रजीत ती निव्वळ थट्टा! 'अंडर द वेदर'चा हवामानाशी संबंध नाही; जरा बरं वाटत नसेल तेव्हा म्हणायचं, गंभीर आजाराला नाही. एका तासाला असे दोन पुरेत.