बोटीवरच्या काकांची धून

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज लेस्टरमध्ये दिवसभर भुरभुर पाऊस. भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि सवयीप्रमाणे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात शिरले. तीन तबकड्या घेऊन घरी. कोथिंबीर राहिलीच. ह्यांनी पिशवीत डोकावून फक्त "अजून?" एवढंच विचारलं.

पहिली एलपी जेफ लव्ह यांच्या वाद्यवृंदाची. इंग्लंडात जुन्या रेकॉर्डींच्या खोक्यात हात घातला की हे गृहस्थ हाताला लागतातच. यॉर्कशायरमधल्या टॉडमॉर्डनचे, जन्म १९१७, वडील आफ्रिकन-अमेरिकन कलाकार. 'म्युझिक फॉर प्लेजर' या स्वस्त लेबलसाठी त्यांनी सिनेमांच्या धून ढिगाने वाजवल्या. किराणा मालाच्या दुकानात, पेपरवाल्याकडेही मिळायच्या म्हणे या रेकॉर्डी. आजची १९७८ ची आहे, 'क्लोज एन्काउंटर्स' आणि इतर अंतराळी धून, सगळ्या डिस्को ठेक्यात. उच्चभ्रू संग्राहक नाक मुरडतात. मुरडोत. व्हिडिओ घरोघरी यायच्या आधी सिनेमा घरी आणायचा कसा? अशी रेकॉर्ड आणून. मूळ वाद्यवृंदाची महाग, ही खिशाला परवडणारी.

दुसरी मेकोची. ही मात्र बरेच दिवस शोधत होते. मेको मोनार्डो मूळचा ट्रॉम्बोनवादक (जेफ लव्हही ट्रॉम्बोनवालेच, हा योगायोग मला फार आवडतो). 'स्टार वॉर्स' मे १९७७ मध्ये लागला तो याने पहिल्याच दिवशी पाहिला, मग पुन्हा पुन्हा पाहिला, आणि त्या संगीताचा डिस्को करायचाच असं डोक्यात घेतलं. एलपीची एक अख्खी बाजू, जवळजवळ सोळा मिनिटं, एकच सलग तुकडा. ठोका कुठे थांबत नाही. रोबोचे चिवचिवाट सुझान चियानी या बाईंनी सिंथेसायझरवर काढलेत. त्यातली छोटी तबकडी ऑक्टोबर १९७७ मध्ये अमेरिकेत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. खुद्द जॉन विल्यम्स यांची मूळ धून पोचली होती दहाव्यापर्यंत. मुलगा मांडी घालून ऐकत बसला होता. म्हणाला, "आई, हे लग्नाच्या बँडसारखं आहे."

त्याला हसले, पण मग विचार करत बसले. गिरगावात आमच्या गॅलरीखालून वरात जायची तेव्हा क्लॅरिनेटवाला हेच करायचा की. सिनेमातलं रडकं गाणंही ताशाच्या मापात बसवायचा आणि लोक त्यावर नाचायचे. नायिका पडद्यावर कशासाठी रडत होती, याची कुणाला फिकीर नसे.

काही धून तर मुळात ठेक्याचीच वाट बघत असतात. 'जॉज' या शार्कच्या सिनेमातले ते माशाचे दोन स्वर घ्या. संगीतकार लालो शिफ्रिन यांनी १९७६ मध्ये त्यांचा डिस्को केला तेव्हा त्यांना काही जुळवाजुळव करावीच लागली नसेल, दोन स्वर म्हणजे आयता बेस. अवघड असतं ते संथ, ठेक्याला न बांधलेलं उचलणं.

तिसऱ्या तबकडीसाठीच खरं तर आज लिहायला बसले. छोटी, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची, एक पौंड. बिड्डू ऑर्केस्ट्रा, 'समर ऑफ फॉर्टी टू', १९७५. बिड्डू म्हणजे बंगळूरचा मुलगा, १९६७ मध्ये लंडनला आला, १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग'ने जग हलवलं, आणि १९८० मध्ये आपल्याला 'आप जैसा कोई' दिलं. मधल्या काळात त्याने फ्रेंच संगीतकार मिशेल लग्राँ यांची, याच नावाच्या सिनेमातली ही धून डिस्कोत घातली आणि ती इथे चौदाव्या क्रमांकापर्यंत गेली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. चाळीत समोरच्या खोलीतले काका बोटीवर होते. त्यांनी आणलेल्या रेकॉर्डींवरून दादाने एक कॅसेट भरून घेतली होती, त्यात ही होती. नाव नाही, गाव नाही. दादा पुठ्ठ्यावर 'बोटीवरच्या काकांची धून' असं लिहून मोकळा झाला. एकदा टेप गुंडाळली गेली, दादाने ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडली. तेव्हापासून आमची धून मध्येच एक उडी मारायची.

लग्राँची मूळ रचना मी ऐकली ती इथे आल्यावर, चाळिशीत. तिला ऑस्कर मिळालंय. सुंदरच आहे. पण खरं सांगायचं तर मला ती नक्कल वाटली. कुणीतरी आमची धून उगाच विलंबित लयीत घेऊन बसलंय असं. तो सिनेमा मी आजवर पाहिलेला नाही आणि पाहीन असं वाटत नाही. त्या सुरांना माझ्याकडे दुसरं चित्र आहे: उन्हाळ्याची दुपार, गॅलरीत वाळत घातलेले पापड, कावळे हाकलायला बसवलेली मी, आणि आत जमिनीवर ठेवलेला टेपरेकॉर्डर. बिड्डूने ठेका घातला म्हणून त्यातलं दुःख गेलं असं मला कधी वाटलं नाही. उलट व्हायोलिनं खाली एवढा ढोल चालू असताना आपलं म्हणणं सोडत नाहीत, म्हणून ते जास्त लागतं.

संध्याकाळी दादाला फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा.

"झोपलास का रे?"

"नाही गं. काय झालं?"

काही न बोलता फोन स्पीकरपाशी धरला. दोन क्षण नुसती खरखर, मग ठोका. पलीकडे दादा गप्प. मग गुणगुणायला लागला, बेसूर, पण जागा सगळ्या बरोबर. आणि उडीच्या जागी तो उडी मारून पुढे गेला. मीही मनात पुढे गेले होते. तबकडी मात्र मागेच, आपल्या गतीने चाललेली.

"अगं, हे काय मध्येच?" दादा म्हणाला.

"तू कापलंस ते."

सुई उचलून पुन्हा तिथे ठेवली. दोनदा. व्हायोलिनं थोडी वर चढतात आणि परत येतात. तिसऱ्यांदा लावायला सांगून तो वहिनीला उठवायला गेला.