तुम्ही विचारलंत म्हणून: संगीत आणि कोडिंग, दोन्ही एकत्र चालतं का?

"मला संगीतही आवडतं आणि प्रोग्रॅमिंगही. दोन्ही मिळून काही करता येतं का, की शेवटी एक सोडावंच लागतं?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारा कधी वादक असतो, कधी कोड लिहिणारा, आणि आपल्याकडे अर्धंच भांडवल आहे असं दोघांनाही वाटत असतं.

अशा वेळी मला जॉन चाउनिंग आठवतात. शिक्षणाने ते संगीतकार. १९६७ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ते संगणकावर एका स्वराला कंप देऊन पाहत होते. स्वर सेकंदाला पाच-सहा वेळा हलला की आपल्याला कंप ऐकू येतो. त्यांनी हा वेग वाढवत नेला, आणि एका टप्प्यानंतर कंप ऐकू येईनासा होऊन त्या जागी वेगळाच नाद उभा राहिला, घंटेसारखा, पितळी वाद्यासारखा. वापरलेले तरंग फक्त दोन, त्यातला एक दुसऱ्याची वारंवारता हलवणारा. हे गणित रेडिओवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं, पण त्यात वाद्य दडलंय हे ओळखलं ते संगीतकाराच्या कानाने. त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये छापून आला, वाद्यं बनवणाऱ्या यामाहाने या पद्धतीचे हक्क घेतले, आणि १९८३ मध्ये आलेल्या डीएक्स-७ या कीबोर्डमुळे तो नाद जगभर पोचला. म्हणून माझं उत्तर असं की दोन्हीतलं काहीही सोडू नका. संगीत तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातलं काम त्या दोन्हींच्या सांध्यावरच उभं आहे.

मला स्वतःला हे उशिरा कळलं. मी हातात धरायचं एक छोटं वाद्य बनवलं होतं. आत हालचाल मोजणारा सेन्सर, हात वर नेला की स्वर चढायचा, खाली आणला की उतरायचा. लोक हातात घ्यायचे, मिनिटभर वाजवायचे आणि ठेवून द्यायचे. आवाज चांगला होता, कोडमध्ये चूक नव्हती, तरी कुणी रमत नव्हतं. मग मी एकच बदल केला: हात स्थिर असेल तर आवाजच नाही, हालचालीत जितका जोर तितका नाद भरदार. तोच सेन्सर, तोच आवाज, पण आता लोक वीस-वीस मिनिटं सोडेनात. कारण आता आवाजासाठी काहीतरी खर्च करावं लागत होतं, जसं गजाने वाजवताना किंवा फुंकताना करावं लागतं. हालचालीचा कुठला भाग आवाजाच्या कुठल्या गुणाशी जोडायचा, याला आम्ही मॅपिंग म्हणतो. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर आणि अजूनही सगळ्यात मोकळा प्रश्न हाच आहे.

दुसरा प्रश्न विलंबाचा, म्हणजे वाजवणं आणि आवाज येणं यांतल्या वेळाचा. संगणक आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, एकेक करून पाठवत नाही, गठ्ठ्याने पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि ५१२ चा गठ्ठा धरला, तर नुसत्या त्या गठ्ठ्यापायी सुमारे साडेअकरा मिलिसेकंद जातात. ऐकणाऱ्याला ते जाणवणार नाही, पण तालवाद्य वाजवणाऱ्याची बोटं लगेच तक्रार करतात. गठ्ठा १२८ वर आणला की जेमतेम तीन मिलिसेकंद उरतात, मात्र तेवढ्या वेळात सगळं गणित उरकावं लागतं. चांगला प्रोग्रॅमर इथे खरा उपयोगी पडतो.

आता पोटापाण्याचं. निव्वळ संशोधनाच्या जागा थोड्या असतात, हे आधीच सांगितलेलं बरं. पण हेच कौशल्य गेममधला आवाज, रेकॉर्डिंगची प्लग-इन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम), आभासी वास्तवातला, कुठल्या दिशेने येतोय ते जाणवणारा ध्वनी, गाणी ओळखणाऱ्या आणि सुचवणाऱ्या यंत्रणा, श्रवणयंत्रं, संग्रहालयातली परस्परसंवादी दालनं अशा अनेक ठिकाणी लागतं. प्लग-इनसाठी सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावीच लागेल, त्याला पळवाट नाही.

संशोधनासाठी पॅरिसचं इरकाम, स्टॅनफर्डचं कार्मा, बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातला संगीत तंत्रज्ञान गट आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं डिजिटल संगीत केंद्र ही महत्त्वाची ठिकाणं आहेत. टेबलावर ठोकळे सरकवून वाजवायचं वाद्य रिअ‍ॅक्टेबल हे बार्सिलोनातलंच. खालून कॅमेरा ठोकळ्यांवरच्या खुणा वाचतो आणि कुठला ठोकळा कुठल्या ठोकळ्याजवळ आहे त्यावरून नाद ठरतो. त्याच गटाने २०११ मध्ये कॉम्पम्युझिक हा प्रकल्प सुरू केला. संगीत समजून घेणारी बहुतेक सॉफ्टवेअर पाश्चात्त्य बारा स्वरांचा साचा गृहीत धरून घडली होती. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की अशा परंपरांसाठी तो साचा अपुरा पडतो, ती उणीव भरण्यासाठी हा प्रकल्प होता. हे काम संपलेलं नाही, आणि त्या परंपरा आतून जाणणाऱ्यांची तिथे फार गरज आहे.

एका आज्ञेवर अख्खं गाणं तयार करून देणाऱ्या यंत्रांबद्दलही विचारणा होते. मला जास्त ओढ आहे ती वादकाबरोबर त्या क्षणी वाजणाऱ्या यंत्राची, जे ऐकतं, थांबतं, जागा देतं. ते कितीतरी अवघड आहे.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर ही आवाज घडवायची सॉफ्टवेअर फुकट आहेत, नव्या वाद्यांवरच्या नाइम परिषदेचे आणि संगीतातून माहिती काढण्यावरच्या इस्मिर परिषदेचे निबंध सगळ्यांना खुले आहेत. एक अगदी साधं वाद्य बनवा आणि सहा महिने तेच वाजवा. नवीन सुविधा जोडायचा मोह होईल, तो आवरा. वाजवता वाजवता जे खटकेल त्यावर आधी कुणी काय लिहिलंय ते त्या निबंधांत शोधा. ज्याचं लिखाण पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटेल त्याला पत्र लिहा, आणि सोबत तुमच्या वाद्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. त्यात स्क्रीन दिसली नाही तरी चालेल, वाजवणारे हात नीट दिसू द्या.