जपली ती चुकीची बाजू

कपाट आवरताना जुन्या सीडींची चळत हाती लागली. त्यातल्या एकीवर कॉलेजात असताना मी बॉलपेनने, चांगलं दाबून, स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. उसनी नेलेली सीडी परत यावी म्हणून. लावून पाहिली. दोन गाणी सुरळीत गेली, तिसऱ्यात टक्-टक् सुरू झालं आणि गाडी तिथेच अडकली.

खालची चकचकीत बाजू तर आरशासारखी होती! ती मी जिवापाड जपलेली. टेबलावर ठेवायची तर लेबल खाली, चकाकी वर. म्हणजे नेमकी उलटी.

सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि त्यातलं जवळपास सगळं नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक. आवाज आहे तो पार वरच्या टोकाला. तिथे सूक्ष्म खळगे उमटवलेले, त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, वर लॅकरचा, म्हणजे वॉर्निशसारखा, पातळ थर, की लगेच लेबलाची छपाई. माझं पेन आणि गाणं यांच्यात अडसर काय तो एवढाच.

लेझर येतो खालून. प्लॅस्टिकमध्ये शिरताना त्याचा ठिपका पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, खळग्यांशी पोचेतो तो दोनेक मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतो. त्यामुळे पृष्ठभागावरची धूळ त्याला चष्म्यावरच्या कणासारखी, धूसर दिसते. ओरखडाही बराचसा पचतो, कारण आवाज एक-शून्यांच्या आकड्यांत नोंदलेला असतो आणि एका क्षणाचे आकडे सलग न ठेवता विखरून आणि जादा तपासणी-आकड्यांसह लिहिलेले असतात. साधारण अडीच मिलिमीटरचा सलग पट्टा गेला तरी उरलेल्यांवरून हरवलेले आकडे पुन्हा काढता येतात. म्हणून सीडी पुसायची ती मधून कडेकडे. गोल गोल पुसताना चरा पडला तर तो खळग्यांच्या ओळीबरोबरच धावतो आणि सलग मजकूर गिळतो. (मी गोल गोलच पुसायचो, हे वेगळं सांगायला नको.)

आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं चुकीची सांगत आलो: खळगा म्हणजे एक, सपाट म्हणजे शून्य. तसं नाही. खळगा जिथे सुरू होतो किंवा संपतो ती कड म्हणजे एक, मधली लांबी म्हणजे शून्यं. अशा खळग्यांची एकच सर्पिल ओळ आतून बाहेर जाते, उलगडली तर पाचेक किलोमीटर भरेल. त्यातून दर सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळा, आवाजाच्या लाटेची त्या क्षणीची उंची सांगणारा आकडा निघतो. त्या उंचीच्या पायऱ्या ६५,५३६. त्या आकड्यांवरून प्लेअर पुन्हा अखंड लाट घडवतो आणि ती स्पीकरला देतो.

शेवटी सीडी बल्बसमोर धरली. खालचा चरा असता तर घासून, पॉलिश करून बघितलं असतं, पण इथे अ‍ॅल्युमिनियमच फाटलंय. नावाच्या पहिल्या अक्षराच्या कान्यातून तीन बारीक ठिपके लख्ख उजेड सोडत होते.