अजगर नेमका कुणाच्या बाजूचा?

"आधी पुस्तक वाच, मग सिनेमा दाखवते," असं मीही पोरांना म्हणत असे. शिस्तीचं वाटायचं. पण त्यात पुस्तकाचं पार कडू औषध होतं. आता मी उलटं करते. सिनेमा बघू देते आणि पुस्तक जवळपास कुठेतरी ठेवून देते. त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

लहानपणी सिनेमा संपला की मला रडू यायचं. गोष्ट दुःखी असायची म्हणून नव्हे. ती माणसं आता भेटणार नाहीत म्हणून. एकदा कुणीतरी सहज म्हणालं, "पुस्तकात अजून पुष्कळ आहे." अजून आहे! खरंच होतं. दोन तासांच्या सिनेमात न मावलेले काका, मांजरं, भांडणं, सगळं तिथे मुक्कामाला होतं.

मुखपृष्ठावर सिनेमातल्या नटाचा फोटो छापलेली पुस्तकं मात्र मला अजून खपत नाहीत. त्यांना मी कव्हर घालते. नायकाचं नाक कसं असावं हे माझं मी ठरवीन ना!

भाचीला असली सोवळी नाहीत. तिनं 'द जंगल बुक'चा डिस्नेचा कार्टून सिनेमा इतक्यांदा पाहिला होता की संवाद आधीच म्हणायची. परवा दुपारी पुस्तक उघडलं आणि थोड्याच वेळात तक्रारी सुरू झाल्या. "मावशी, शेरखान लंगडा आहे!" मग बल्लू. सिनेमातला लाडका ऐदी अस्वलमामा इथे जंगलचा कायदा शिकवतो, वर मोगलीला चापट्याही मारतो. माकडांना तर राजाच नाही. नाच-गाणी करणारा तो ओरांगउटान गायब! आणि कहर म्हणजे सिनेमात मोगलीला गिळायला टपलेला 'का' नावाचा अजगर इथे त्याला माकडांच्या तावडीतून सोडवायला निघालेला.

एरवी पानभर वाचून तहान लागणारी ही मुलगी चुका पकडायच्या ईर्ष्येनं जागची हलेना. सिनेमा पुस्तकाशी तंतोतंत जुळला असता तर तिनं ते केव्हाच मिटलं असतं, असा मला दाट संशय आहे.

शेवटी तिनं निकाल दिला, "या लेखकानं सिनेमा नीट बघितलेलाच नाही."

पुस्तक १८९४चं, सिनेमा १९६७चा. सांगायला तोंड उघडलं, तर बाईसाहेब पुन्हा पुस्तकात. जाऊ दे. सनावळी काय, कधीही सांगता येते.