पाया पडताना तळवा बघायचा

मी सोलापुरात नर्स आहे, यंदा पहिल्यांदा वेळापूर ते वाखरी माउलींच्या पालखीसोबत चालले. का गेले ते सांगते. काही वर्षांपूर्वी वॉर्डात एका आजोबांचा छातीचा एक्स-रे होता, गळ्यात तुळशीची माळ, मी घाईत सरळ कात्रीने कापली आणि ट्रेमध्ये टाकली. आजोबा काही बोलले नाहीत पण जेवणाला हात लावेनात, आम्ही आपलं सलाईन लावतोय. दुसऱ्या दिवशी सुनेनं माळ ओवून आणली तेव्हा कळलं, माळ तुटली की परत गळ्यात येईपर्यंत वारकरी अन्न घेत नाही. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून दिंडीत औषधाची पिशवी सोबत असली तरी आधी विचारायचं, "आजी, कितवी वारी?" मग शुगर, बीपी सगळं आपोआप निघतं. एक आजी एकादशीला शुगरची गोळीही घ्यायच्या आणि कडक उपवासही करायच्या. रिकाम्या पोटी ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेतली तर साखर धाडकन उतरते, घाम, थरथर, चक्कर, आणि नुसता साबुदाणा खाल्ला की उलट चढते. उपवास सोडा म्हटलं असतं तर मान हलवून त्यांनी उपवास केलाच असता, म्हणून मुलाला फोन लावून त्यांच्या डॉक्टरांकडून एकादशीपुरतं गोळीचं विचारून घेतलं, राजगिरा, दही, शेंगदाणे असं खाणंही ठरवलं.

भंडीशेगावला मात्र काळजात धस्स झालं. एका मावशींच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, भोवती पू, आणि त्यांना पत्ताच नाही, शुगरनं पायाची जाणीवच गेलेली. "माउली चालवत्यात, दुखत न्हाई बघ," म्हणाल्या. मी ते खोडलं नाही, जखम धुऊन पट्टी केली, डॉक्टरांकडे नेलं आणि पुढं गाडीत बसवलं.

संध्याकाळी विणेकरी बुवांना विचारलं, हरिपाठ झाला की सगळे एकमेकांच्या पाया पडतातच, तर तेवढ्यात समोरच्याचा तळवा पण बघितला तर चालेल का? बुवा जरा गप्प झाले, मग वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली (ती खाली ठेवत नाहीत) आणि वाकून पहिला माझाच पाय धरला. मला कसंतरीच झालं.

"माउली, फोड आलाय की तुम्हालाच!"

त्या रात्री बॅटरीच्या उजेडात अख्खी राहुटी एकमेकांचे तळवे बघत बसली, जखमेचे अजून चार पाय सापडले.